वन बीएचकेतलं जाळीकाम आणि पॉलिशचा वास

पत्र : आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. बंद करून घेतलेल्या गॅलरीत मी छोटा स्क्रोल सॉ (बारीक पात्याची यांत्रिक करवत) बसवला आहे. किल्ल्यांचे स्टँड, नावाच्या पाट्या, कोयरी-कमळाच्या जाळीचे आकाशकंदील, लहान मुलांसाठी जोडचित्रांचे प्राणी असं करते आणि दिवाळीच्या प्रदर्शनात विकते. शेवटी स्प्रेच्या डब्यातलं क्लिअर लॅकर मारते, मोठ्या वस्तूला थिनरमधलं पॉलिश. सासऱ्यांना दमा आहे. पावसात खिडक्या बंद असतात, वास दोन-दोन दिवस घरात राहतो. परवा रात्री त्यांना उठून पंप घ्यावा लागला. शेजारच्यांचीही बोलणी खाल्ली. मी स्वतः एन-९५ मास्क लावते. दुकानदार ‘लो ओडर’ पॉलिश घ्या म्हणतो, कोणी जवसाचं तेल सांगतं, कोणी खोबरेल. वास नको, पण थोडी चकाकी हवी. आणि आधी फवारून ठेवलेल्या वस्तूंना अजून वास येतो, त्यांचं काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

ताई,

स्प्रेचा डबा आणि थिनर आजपासून घरात उघडू नका. ज्या घरात एका माणसाला रात्री उठून पंप घ्यावा लागतो, तिथे हे आधी. परवाचा प्रकार सासऱ्यांच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला. तुमचं काम यामुळे थांबणार नाही, दिवाळीचं प्रदर्शनही चुकणार नाही. फक्त पद्धत बदलावी लागेल.

लॅकर सुकतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं. लाकडावर राहतो तो अगदी पातळ पापुद्रा, बाकीचं सगळं खोलीच्या हवेत. स्प्रेमध्ये त्याचे बारीक थेंब होतात, ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. त्यातून तुमचं काम जाळीचं. सपाट पाटीवर मारलेला फवारा निदान पाटीवर तरी बसतो, जाळीच्या भोकांमधून मात्र तो आरपार जातो. म्हणजे वस्तूला लागतं त्याहून जास्त घराला लागतं. एन-९५ मास्क भुश्यासाठी उत्तम आहे, पण थिनरची वाफ तो अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा वेगळा मास्क लागतो, आणि तो तुम्ही लावला तरी आतल्या खोलीतल्या सासऱ्यांना त्याचा काय उपयोग?

आता ‘लो ओडर’बद्दल. वास कमी आणि त्रास कमी, या दोन गोष्टी एक नाहीत. काही डब्यांमध्ये वास काढून टाकलेलं टरपेंटाईनसारखं द्रावण असतं. नाकाला ते कळत नाही, पण हवेत उडतंच. दोन डब्यांतून मिसळून लावायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, तर तुमच्या घरासाठी सर्वांत वाईट. त्यातल्या हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या दुसऱ्या डब्यात, आयसोसायनेट असतं. त्याला फार वास नसेल, पण दमा उठवणाऱ्या रसायनांत त्याचं नाव ठळक आहे. मेलामाइन पॉलिश सुकताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, तेही नको. दुकानात डबा हातात घेतलात की पुढची जाहिरात वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘ब्रश पाण्याने धुवा’ असं लिहिलं असेल तर तो डबा तुमचा. ‘थिनर वापरा’ किंवा ‘टर्पेंटाईन वापरा’ असेल तर परत ठेवा, पुढे काहीही लिहिलेलं असो.

तुम्हाला मी सुचवते ते पाण्यातलं ॲक्रिलिक किंवा पाण्यातलं पीयू. एकाच डब्यातलं, सॅटिन (मंद चकाकीचं) किंवा ग्लॉस (पूर्ण चकाकीचं). त्यालाही थोडा वास असतो. लावताना अमोनियासारखा किंवा ओल्या भिंतीच्या रंगासारखा येतो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी विरतो. किल्ल्यांचे स्टँड, नावाच्या पाट्या, देवघराजवळ लावायच्या जाळ्या या सगळ्यांना हेच लावा. हळद-कुंकवाचा हात कोऱ्या लाकडाला लागला तर हळद रेषांत उतरते, मग कितीही घासा, निघत नाही. या थरावरून ओल्या फडक्याने पुसता येते, फक्त वेळ न घालवता पुसायला हवी.

पण स्प्रे सोडून ब्रशवर आलात की जाळीकामात एक नवी अडचण उभी राहते, आणि बहुतेक जण इथेच कंटाळून पुन्हा स्प्रेकडे वळतात. ओघळ. कोयरीच बघा. पोटाकडे ती रुंद असते, पण टोकाशी दोन्ही कडा जवळ येतात आणि तिथे पॉलिशचा थेंब अडकून बसतो. वरून दिसत नाही. सुकल्यावर टोकात दुधी काचेसारखा गोळा दिसतो आणि कोयरीचं टोक बोथट होऊन जातं. इतक्या बारीक पात्याने कापलेलं टोक! म्हणून ब्रश भरून घेऊ नका. पॉलिशमध्ये दहाव्या हिश्श्यापर्यंत पाणी घाला (डब्यावर याहून कमी सांगितलं असेल तर तेवढंच), ब्रश डब्याच्या काठावर निपटून घ्या आणि आधी भोकांच्या आतल्या कडा करा, मग मागची बाजू, शेवटी दर्शनी बाजू. एक-दोन मिनिटांनी जाळी उजेडासमोर उभी धरा. जिथे थेंब चमकतो तिथे कोरड्या बारीक ब्रशचं टोक मागच्या बाजूने लावा, थेंब त्यात ओढला जातो. टूथपिकने उकरू नका, कडेला रवे पडतात.

ब्रश नायलॉनचा घ्या. जनावरांच्या केसांचा ब्रश पाण्यात फुगतो आणि रेघा सोडतो. डबा हलवू नका, काडीने ढवळा, नाहीतर बुडबुडे येतात आणि जाळीच्या कडांवर तसेच वाळतात. पॉलिशच्या दोन हातांच्या (थरांच्या) मध्ये घासायला स्टील वूल अजिबात नको. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पुढच्या हातातल्या पाण्याने गंजून काळे ठिपके पडतात. ३२० नंबरचा पॉलिश पेपर अलगद फिरवला तरी पुरतं.

पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पहिल्या हातानंतर वस्तू खरखरीत लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पॉलिशच्या आधी ओलसर फडकं फिरवा, पूर्ण सुकू द्या, उभे राहिलेले तंतू पेपरने काढा, मग पॉलिश लावा. आणि पातळ पाटीची एकच बाजू रंगवून दुसरी कोरी ठेवू नका. तीन-चार मिलिमीटरच्या तुकड्याला एकीकडूनच थर दिला की तो वाकतो, हा वाक मग वजन ठेवूनही जात नाही. मागची बाजू भिंतीला लागणार असली तरी तिला हात द्याच.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मी सांगते, कारण पाण्यातलं पॉलिश पहिल्यांदा लावणारे सगळे तिथे हिरमुसतात. सागवान असो की बर्चचा प्लाय, लाकूड फिकट दिसतं. लॅकरने जो मधासारखा रंग उघडतो, तो पाण्यातल्या ॲक्रिलिकने उघडत नाही. यावर मला मनापासून आवडणारा उपाय म्हणजे खाली लाखेचा एक पातळ हात.

लाख आपल्याकडची जुनी आणि गुणी वस्तू. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणारे किडे ती तयार करतात. झारखंडात ती भरपूर होते, आपल्या गोंदिया-गडचिरोली भागातही होते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर तर तिला कुठल्याच द्रावणात विरघळवत नाहीत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, थिनरचा थेंबही लागत नाही. सपाट जाळीला ते जमणार नाही, म्हणून आपल्याला लाखदाणा (दाणेदार लाख) विरघळवावा लागतो. सुतार त्यासाठी स्पिरिट वापरतात, पण दुकानातल्या स्पिरिटमध्ये ते कुणी पिऊ नये म्हणून विषारी आणि उग्र वासाची रसायनं मिसळलेली असतात. त्याऐवजी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. केमिकलच्या दुकानात मिळतं. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी असतं आणि लाख पांढरी पडते.

१०० मिलिलिटरला १२ ते १५ ग्रॅम लाखदाणा, काचेच्या बाटलीत. आयसोप्रोपिलमध्ये तो स्पिरिटपेक्षा हळू विरघळतो, रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. बाजारात मिळतो तो दाणा बहुतेक मेणासकट असतो आणि मेणावर पाण्यातलं पॉलिश नीट धरत नाही. बाटली काही दिवस हलवू नका, मेण खाली बसतं, वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या. बाटलीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख सहाएक महिन्यांत म्हातारी होते, मग लावली तरी नीट कडक होत नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर ती बाटली टाकून द्या.

हा हात अल्कोहोलचा आहे, म्हणून सासरे बाहेर गेलेले असतील तेव्हाच द्या. गॅलरीची खिडकी उघडी, घराकडचं दार बंद, दाराच्या फटीला खाली टॉवेल. अल्कोहोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि चटकन पेट घेते. वन बीएचकेमध्ये गॅस आणि देवघरातली समई दोन्ही हाकेच्या अंतरावर असतात. तेवढा वेळ दोन्ही विझलेलं असू द्या. पातळ हात असेल तर लाख अर्ध्या तासात हाताला कोरडी लागते आणि वासही लवकर ओसरतो. त्या दिवशी झड लागलेली असेल तर मात्र थांबा, दमट हवेत लाखेवर धुकं बसल्यासारखा पांढरा थर येतो. एकट्या लाखेवर वस्तू सोडू नका असंही म्हणेन. सॅनिटायझर लावलेला हात नावाच्या पाटीला लागला की लाख तिथे सुटते. वर पाण्यातल्या पॉलिशचे दोन हात आले की ही भीती जाते. लाखेचा हात आधी असल्याने तंतूही फारसे उभे राहत नाहीत.

सासऱ्यांना अल्कोहोलचाही त्रास होतो असं दिसलं, तर लाख सोडून द्या. वस्तू थोडी फिकट दिसेल, चालेल.

मुलांच्या जोडचित्रांचं वेगळं. तिथे थर देणारं काहीच नको, कारण स्क्रोल सॉच्या पात्याची फट इतकी कमी असते की दोन्ही कडांवर दोन-दोन हात चढले की तुकडा बसतच नाही, मूल ओढाताण करतं आणि कडा सोलतात. शिवाय मूल तुकडा तोंडात घालणार. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या, पोट साफ होण्यासाठी देतात तेच, साधं, कुठलाही स्वाद न घातलेलं. त्याला वासच नसतो. वजनाने चार भाग ते आणि एक भाग मधमाश्यांचं मेण, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून एकत्र करा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे थेट आचेवर ठेवायची गरज नाही. गार झालं की मलम होतं. कापडाने चोळा, तासभर ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा. चकाकी मंद येते, हाताला मात्र फार छान लागतं. वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा चोळावं लागेल, गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर तसं लिहून द्या. एकदा मेण लागलेल्या लाकडावर दुसरं पॉलिश धरत नाही, म्हणून या वस्तूंचं फडकं आणि टेबल वेगळं ठेवा.

प्राण्यांना रंग देत असाल तर एवढं बघा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे. जुना पडलेला डबा, सुटा विकलेला रंग किंवा कारखान्याच्या कामाचा रंग मुलांच्या वस्तूला लावू नका. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. प्रदर्शनात विकताय, तर ती नोंदणी करून घ्या.

जवसाच्या तेलाचं म्हणाल तर एरवी मला ते आवडतं, तुमच्या घरात नको. कच्चं तेल वाळायला पावसाळ्यात आठवडे घेतं आणि तोवर, नंतरही, त्याचा वास बंद कपाटात साठतो. दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ लवकर वाळतं, पण त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. शिवाय त्या तेलाचं चुरगळून टाकलेलं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. कधी वापरलंतच तर फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. खोबरेल वाळतच नाही. धूळ धरतं, कागदाला डाग पाडतं आणि पुढे खवट होतं.

आधी फवारलेल्या वस्तू गठ्ठ्याने ठेवल्या असतील तर आधी सुट्या करा. जाड फवाऱ्याच्या थरात थिनर अडकून राहतं आणि आठवडे-आठवडे सुटत राहतं, त्यात त्या एकमेकींना चिकटून असतील तर विचारायलाच नको. दोरीला अडकवून वारा लागेल अशा टांगा, घरात नको, गॅलरीत. वास गेला की नाही हे नाकाला लगेच कळत नाही, सवय झालेली असते. एक वस्तू स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेरून आल्या आल्या उघडा. भपकारा आला तर अजून टांगून ठेवा. नुसता पुसटसा वास राहिला असेल तर ३२० पेपर फिरवून लाखेचा तोच पातळ हात द्या, लाख वास दाबते. हीच डब्याची परीक्षा नव्या वस्तूंनाही विकण्याआधी लावा.

वेळेचं गणित मात्र बदलावं लागेल. पाण्यातलं पॉलिश तासा-दोन तासांत हाताला कोरडं लागतं, पण पूर्ण पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे घेतं. पावसाळी हवेत जास्तच. त्याआधी बबल रॅपमध्ये गुंडाळलं की फुग्यांचे गोल ठसे वस्तूवर उमटतात, वर्तमानपत्रात गुंडाळलं तर बातम्या छापून येतात. म्हणून प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी शेवटचा हात झालेला असावा. बांधायचंच झालं तर मधे बटर पेपर घाला. कंदिलात एलईडी दिवाच लावायचा हेही सांगून ठेवा, जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने खालची लाख मऊ होते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सासऱ्यांसाठी भुशाकडेही बघा. सागवान आणि शिसवीचा बारीक भुसा दमेकऱ्याला फार त्रास देतो, एमडीएफचा (भुसा दाबून केलेल्या फळीचा) त्याहून नको, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. एमडीएफ सोडून प्लाय किंवा सावर-शिवणीसारखं हलकं लाकूड घ्या. स्क्रोल सॉच्या टेबलाखाली व्हॅक्युमचा पाइप बांधा. झाडूने कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. गॅलरीतले कपडे काम असेल त्या दिवशी दुसरीकडे वाळत घाला, त्याच कपड्यांतून भुसा आतल्या खोलीत जातो.

आणि उरलेले स्प्रेचे डबे नि थिनर मोरीत किंवा गॅलरीच्या जाळीत ओतू नका, खाली कुणाच्या तरी बाथरूममधून वास वर येईल. फर्निचरच्या पॉलिशचं काम करणारा माणूस ओळखीत असेल तर त्याला देऊन टाका, त्याच्याकडे ते मोकळ्या हवेत कामाला येईल.